जवसाला कोण फवारतं?

पिकांच्या जगातही मानकरी असतात आणि पंगतीच्या कडेला बसणारे असतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात मानाचं पान कपाशीचं. तिच्या शेजारी तूर. गेल्या चाळीसेक वर्षांत सोयाबीन आलं आणि बघता बघता घरच्या जावयासारखं पाटावर बसलं. रब्बीत गहू आणि हरभरा. या सगळ्यांची वाढून झाली, की मग कुणाला तरी आठवण होते : अरे, जवस राहिलंच! धुऱ्याच्या कडेला चार तास, हरभऱ्यात दोन ओळी, नाहीतर ज्या तुकड्याला पाणी पोचत नाही तो तुकडा, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. सरकारी भाषेत याला 'गौण गळीत पीक' म्हणतात. आमच्या भाषेत 'घरच्यापुरतं'.

हे घरच्यापुरतं पीक दिसायला मात्र राजस आहे. डिसेंबरच्या शेवटी सकाळी आठच्या सुमारास जवसाचं वावर पाहावं. हातभर उंचीची नाजूक रोपं, सुईसारखी पानं आणि वर निळ्या फुलांचा असा थर, की आभाळाचा एक तुकडा कुणी वाळत घातलाय असं वाटावं. दुपारी पुन्हा गेलात तर निळा रंग गायब. पाकळ्या गळून जमिनीवर पडलेल्या. प्रत्येक फुलाचं आयुष्य एका सकाळचं. मागे राहतं ते बोंड, आणि बोंडात तपकिरी, चकचकीत, बोटातून निसटणारे दाणे.

या दाण्याची ओळख विदर्भातल्या घरांना सांगायला नको. लसूण, लाल मिरची आणि भाजलेलं जवस कुटून केलेली चटणी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार आणि ज्वारीची भाकर. आमच्या घरी गोळाभातावरचं तेलही जवसाचंच असे. गाईला ढेप जवसाची, बाळंतिणीला लाडू जवसाचे. घरात लाकडी बॅट आली की तिला चोळायला तेल जवसाचं. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं रंग कालवले ते याच तेलात. एकोणिसाव्या शतकात वॉल्टन नावाच्या इंग्रजाने लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचं कापड शोधलं तेही याच तेलातून. याच जातीच्या उंच वाढणाऱ्या वाणांच्या खोडातून लिननचा धागा निघतो. शास्त्रज्ञांनी याला लॅटिनमध्ये 'लिनम युसिटॅटिसिमम' असं नाव दिलं. त्याचा अर्थ, 'अत्यंत उपयोगी'. आणि हे अत्यंत उपयोगी झाड आमच्याकडे पंगतीच्या शेवटी!

निवृत्तीनंतर मी नालवाडीला राहायला आलो. वर्धा शहराला इतकं लागून, की शहर कुठे संपतं आणि नालवाडी कुठे सुरू होते ते नव्या माणसाला कळत नाही. या गावाचा इतिहास मोठा आहे. १९३२ साली विनोबा भावे इथे येऊन राहिले आणि सूतकताईच्या मजुरीत माणसाचं पोट भरतं का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. १९३८ साली प्रकृती ढासळल्यावर ते पवनारला गेले. पलीकडे वर्ध्यात मगनवाडीला १९३४च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस. तिथे झवेरभाई पटेलांनी तेलाच्या घाण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, बैलाला कमी ओढ लागावी आणि तेल जास्त निघावं म्हणून. त्यातून सुधारलेली 'मगनवाडी घाणी' देशभर गेली. म्हणजे गावचं तेल गावात निघावं ही चर्चा आमच्या या दोन-तीन मैलांच्या परिसरात एकेकाळी रोजची होती. पण घाणा कितीही सुधारला तरी त्यात घालायला दाणा हवा; आणि दाणा भरायला पान हवं. त्या पानाबद्दल मला आज बोलायचं आहे.

गावाबाहेर ज्या बाजूला अजून प्लॉट पडलेले नाहीत, तिकडे मी सकाळी फिरायला जातो. तिथे एका कास्तकाराचं दोन एकराचं वावर आहे. एका जानेवारीत, चार दिवस आभाळ भरून राहिल्यावर, त्याच्या जवसाची खालची पानं काळपट दिसू लागली. काही कळ्या देठाशीच डागाळलेल्या, उघडायचं नाव नाही. वावराच्या दुसऱ्या टोकाला पानांवर पांढरी पूड. मी त्याला विचारलं, काही फवारणार का? तो हसला आणि म्हणाला, "साहेब, जवसाले कोन फवारते जी? औषधाचे पैसे त्याच्यातून निंघाले तं पाह्यजे ना!"

सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून गप्प बसवत नाही. माझ्या डोक्यात लगेच जमा-खर्चाच्या दोन रेघा उमटल्या. त्या माणसाने एका ओळीत पीकसंरक्षणाचं सगळं अर्थशास्त्र सांगितलं होतं. पुस्तकं रोगाला विचारतात, तू कोणता. औषध विचारतं, तू किती पसरलास. आणि कास्तकार पिकाला विचारतो, तुझी ऐपत किती? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळाल्याशिवाय सल्ला पुरा होत नाही. मी त्या निमित्ताने वाचन केलं, कृषी महाविद्यालयातल्या जाणकारांशी बोललो, आणि जे समजलं ते इथे मांडतो आहे.

आधी रोग ओळखू. जवसाच्या पानांवर मुख्यतः तीन बुरश्या येतात. ओळखायला भिंग लागत नाही, बोट पुरतं. पानावर पिठासारखा पांढरा थर असेल आणि बोटाने पुसला जात असेल तर ती भुरी. पानावर नारिंगी पुटकुळ्या असतील आणि बोटाला हळदी-शेंदरासारखी पूड लागत असेल तर तो तांबेरा. आणि तपकिरी-काळे डाग असतील, पुसून जात नसतील, पान करपल्यासारखं होऊन गळत असेल तर तो करपा. हा करपा अल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होतो. तिची जवसावरची जात भारतातच, १९३३ साली डे या संशोधकाने प्रथम वर्णिली. आमच्या बाजूला मी पाहिले ते बहुतेक वेळा करपा आणि भुरी.

एक चौथा भामटाही आहे, तो बुरशी नव्हे. कळी फुगलेली दिसते पण उमलत नाही. नखाने फोडली तर आत बारीक अळी सापडते. ही गादमाशीची करामत. तिच्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे दातदुखीला डोळ्याचे थेंब. पैसा जातो, माशी हसते. म्हणून फवारणीचा पंप उचलण्याआधी दहा-वीस कळ्या फोडून पाहाव्यात.

तिन्ही बुरश्यांचा मुक्काम पानावर असला तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. करप्याचा बीजाणू पानावर पडतो तेव्हा त्याला काही तास ओल लागते, दवाची किंवा पावसाची. ती मिळाली की तो कोंब काढतो, आत घुसतो, आणि चुलीसकट स्वयंपाकघर जाळतो. म्हणून थंडीतलं भरलेलं आभाळ, धुकं आणि भुरभुर पाऊस हे त्याचे सोबती. भुरीचं उलट. तिला पानावर साचलेलं पाणी लागत नाही. ती पानाच्या वरच पथारी पसरते आणि बारीक मुळ्यांसारखे शोषक आत घालून रस ओढते. घर जाळत नाही, पण शिधा पळवते. परिणाम दोघांचा एकच : फुलं आली तरी बोंडं भरत नाहीत, दाणा चपटा आणि हलका राहतो, आणि घाण्यातून तेल कमी पडतं.

औषधांचं कामही या स्वभावांवरून समजतं. मॅन्कोझेबसारखं औषध पानावर कवच धरतं. बाहेरून येणाऱ्या बीजाणूला ते रुजू देत नाही, पण आत शिरलेल्या बुरशीला बाहेर काढत नाही. म्हणजे ती छत्री आहे. भिजल्यावर उघडून उपयोग नाही. करपा दिसायला लागताक्षणी, आभाळ भरण्याची चिन्हं असताना मारली तर तिचा उपयोग. भुरी वरवरच राहते म्हणून तिच्यावर गंधक चालतं. द्राक्षाच्या मळ्यांत गंधकाचा उपयोग एकोणिसाव्या शतकापासून आहे. नेहमीची शिफारस दहा लिटर पाण्याला मॅन्कोझेब २५ ग्रॅम, किंवा भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक ३० ग्रॅम, आणि गरज वाटली तर पंधरा दिवसांनी पुन्हा अशी असते. डब्यावरचं लेबल आणि कृषी विभागाचा त्या वर्षीचा सल्ला पाहूनच ती पाळावी. भर उन्हात गंधक मारलं तर रोगाऐवजी पानच भाजतं.

आता ऐपतीचा प्रश्न. रुपयातले भाव रोज हलतात, म्हणून हिशोब किलोत करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत; प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा औषध, पंपाचं भाडं, पाणी वाहण्याची आणि फवारणीची मजुरी धरून एकरी एका फवारणीला वीस किलो जवसाची किंमत लागते. दोन फवारण्यांना चाळीस किलो. कोरडवाहू एकरात दीड क्विंटल येणार असेल आणि रोग त्याचा पाचवा हिस्सा खाणार असेल, तर नुकसान तीस किलोचं. तीस वाचवायला चाळीस खर्च! आणि तीसही पूर्ण वाचतील याची हमी नाही. आता दुसरा एकर घ्या. दोन पाणी देता येतात, वाण चांगलं, पाच क्विंटलची आशा. तिथे पाचवा हिस्सा म्हणजे शंभर किलो. फवारणीने त्यातले पाऊणशे वाचले तरी खर्च वजा जाता पस्तीस किलो हातात राहतात. रोग तोच, औषध तेच. एका धुऱ्याच्या अलीकडे शहाणपण आणि पलीकडे उधळपट्टी. तेव्हा "जवसाला कोण फवारतं" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं आहे : ज्याच्या जवसाला ती ऐपत आहे त्याने वेळेवर फवारावं, बाकीच्यांनी दुसरा मार्ग धरावा.

पण बाकीच्यांची संख्या मोठी आहे, आणि ती ऐपत जवसाकडे का नाही, हे माझ्या जुन्या टेबलावरून स्पष्ट दिसत असे. पीककर्जाचा एकरी किंवा हेक्टरी दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. त्या तक्त्यात मोठ्या पिकांच्या रकान्यात मोठे आकडे आणि गौण पिकांच्या रकान्यात गौण आकडे. ते एका परीने बरोबरच. पीक जेवढं परत देईल तेवढंच बँक देणार. पण त्या छोट्या आकड्यात पीकसंरक्षणाला काय उरणार? शिवाय जवस बहुतेक वेळा मिश्र पीक. सातबाऱ्यावर त्याची नोंद होईलच असं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत निव्वळ जवसासाठी कर्ज मागायला आलेला माणूस मला आठवत नाही. केंद्र सरकार ज्या पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करतं त्यात भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, तीळ, मोहरी, करडई आहे, अगदी कारळही आहे. जवस नाही. ज्याच्या भावाला तळ नाही, त्याच्या रोगावर खर्च करताना माणूस दहादा विचार करणारच. सिंचन आलेल्या वावरातून जवस हटलं आणि गहू-हरभरा आला, याचं नवल कशाला?

मग हा दुसरा मार्ग कोणता? तो औषधाच्या दुकानातून जात नाही, बियाण्याच्या मडक्यापासून सुरू होतो. करप्याची बुरशी बियाण्यातूनही पुढच्या वर्षी येते. घरचंच बियाणं वर्षानुवर्षं वापरायची आपली पद्धत चांगली. पण मग बियाणं ठेवायचं ते स्वच्छ भागातून. कापणीआधी वावरात फिरून ज्या तुकड्यात डाग नाहीत तिथलं जवस वेगळं कापावं, वेगळं झोडावं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहावं. आणि बीजप्रक्रिया करावी : किलोला तीन ग्रॅम थायरमची शिफारस आहे, मातीतून येणाऱ्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीही बियाण्याला चोळतात. एकराला बियाणं लागतं जेमतेम दहा किलो, म्हणजे औषध तीस ग्रॅम. एवढा खर्च सगळ्यात कोरडवाहू जवसालाही पेलतो.

इथे जवसाची एक खोड लक्षात ठेवायला हवी. जवसाला पाणी लागलं की दाण्यावर चिकट बुळबुळीत थर सुटतो. चटणी करणाऱ्या बायकांना हे शास्त्रज्ञांपेक्षा आधी माहीत आहे. म्हणून हरभऱ्यासारखं पाणी शिंपडून औषध चोळलं तर जवसाचे लाडू वळले जातात, तिफणीतून उतरत नाहीत. जवसाला कोरडीच भुकटी लावावी. झाकणाच्या डब्यात दाणे आणि औषध घालून पाच मिनिटं हलवावं, हातात मोजे आणि तोंडाला फडकं असू द्यावं. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. औषध लावलेलं उरलेलं बियाणं चटणीत जाता कामा नये, कोंबड्यांपुढेही नाही. इतर पिकांत ही भीती कमी, कारण बियाण्याची कपाशी कुणी खात नाही. पण जवसाचा दाणा स्वयंपाकघरातला आहे. एकाच फडताळात दोन डबे शेजारी असतील तर चूक व्हायला वेळ लागत नाही. औषधाच्या डब्याची जागा घराबाहेर, कुलपात.

पुढची पायरी तारखेची. कोरडवाहू जवस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीत ओल असताना पेरावं अशी शिफारस असते. उशिरा पेरलेलं पीक कोवळं असतानाच भुरीच्या आणि गादमाशीच्या तावडीत सापडतं. वेळेवर पेरलेलं तोवर बोंडं धरून बसलेलं असतं. तारखेला पैसे पडत नाहीत. तासांत फूटभर अंतर ठेवलं तर वारा खेळतो, दव लवकर सुकतं आणि करप्याला हवे असलेले ओलीचे तास कमी होतात. अंतरालाही पैसे पडत नाहीत. युरियाचा हात सढळ सोडला तर पीक लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत पान बुरशीला आवडतं. इथे तर खर्च वाचतोच. जवसावर जवस घेऊ नये. मध्ये एखादं वर्ष जाऊ द्यावं. झोडणीनंतरचा रोगट कचरा धुऱ्यावर पडू देऊ नये, उन्हाळ्यात नांगरट खोल करावी. हरभऱ्याच्या तासांमध्ये जवस घेण्याची जुनी रीत आहे. बुरशीला एका रोपावरून दुसऱ्यावर उडी मारताना मध्ये परका भिडू लागतो, हा तिचा एक फायदा. या एकेकाने रोग थांबत नाही. पण आण्या-आण्याने रुपया होतो, तसं हे आहे.

सगळ्यात मोठी जमा मात्र वाणाची. झाडाच्या रक्तातच रोगाशी लढण्याची ताकद असेल तर फवारणीचा प्रश्नच कमी होतो. गंमत म्हणजे सगळ्या जगाला या ताकदीचं गणित शिकवलं ते आमच्या या जवसानेच! अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात, फार्गो इथे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवस मरायला लागलं. लोक म्हणत जमीन दमली. बोली नावाच्या शास्त्रज्ञाने १८९४पासून एकाच तुकड्यात दरवर्षी जवस पेरून दाखवून दिलं, की दमली जमीन नाही, तिच्यात बुरशी साठली आहे. त्या मरत्या वावरात जी थोडी रोपं तगली, त्यांचंच बियाणं धरून त्याने मर रोगाला दाद न देणारे वाण काढले. पुढे त्याच फार्गोत हॅरॉल्ड फ्लोर याने जवसाचा तांबेरा हाती घेतला. त्याने नुसत्या जवसाचा संकर केला नाही, तांबेऱ्याचाही केला. आणि १९४०च्या दशकात दाखवून दिलं, की जवसातल्या रोगप्रतिकारक जनुकाला तोंड देणारं एक जनुक बुरशीतही असतं. जनुकास जनुक.

हे वाचताना मला आमची दुहेरी नोंदीची खातेवही आठवली. प्रत्येक नावेला जमा. झाडाने एक कुलूप लावलं, की बुरशीच्या कुळात कधीतरी त्याची किल्ली घेऊन कुणी जन्मतं. म्हणून एकाच कुलपावर भरवसा ठेवलेला वाण काही वर्षांनी अचानक हरतो, आणि दुकानदाराला दोष दिला जातो. शहाणपण असं, की निरनिराळी कुलपं असलेले वाण तयार होत राहिले पाहिजेत आणि पैदासकारांचं काम थांबता कामा नये. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जवसातलं तांबेऱ्याविरुद्धचं एक जनुक प्रत्यक्ष वेगळं काढलं. गव्हापासून टोमॅटोपर्यंत आज रोगप्रतिकारक वाणांचं जे शास्त्र शिकवलं जातं, त्यात जवसाच्या त्या वावरांचं नाव घ्यावंच लागतं.

हे काम परदेशातच होतं असं नव्हे. आपल्या नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ सालचं. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे, आणि जवसाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं एक केंद्र तिथे चालतं. एनएल-९७ आणि त्यानंतरचं पीकेव्ही एनएल-२६० हे तिथलेच वाण. अडचण वाणाची नाही, तो वाण वावरापर्यंत पोचण्याची आहे. मोठ्या पिकाचं बियाणं विकायला कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरतात. एकराला दहा किलो लागणारं आणि पुढच्या वर्षी घरीच ठेवता येणारं जवसाचं बियाणं विकून कुणाचा बंगला होणार? म्हणून ते मागावं लागतं. चार-पाच कास्तकारांनी मिळून विद्यापीठाच्या केंद्रातून थोडं बियाणं आणावं, एका चांगल्या तुकड्यात वाढवावं आणि पुढच्या वर्षी वाटून घ्यावं. त्याला कर्ज लागत नाही, तारण लागत नाही. लागतं ते एकमेकांवरचं पत. विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाच्या पकडीतून सुटणाऱ्या शेतीचा प्रयोग केला होता. आयुष्यभर पैशाचीच नोकरी केलेला मी त्या टोकाला जाणार नाही. पण जिथे पैसा पोचतच नाही त्या पिकाला बिनपैशाचे उपायच आधी सांगायला हवेत, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि तरीही फवारायची वेळ आलीच, तर जिवाचा हिशोब पहिला. २०१७च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती औषधं वेगळी होती, पीक वेगळं होतं. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर, मनाने दोन औषधं मिसळून फवारण्याची सवय वेगळी नव्हती. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, चष्मा, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ, मध्ये तंबाखू-बिडी नाही, नंतर साबणाने आंघोळ. दीड क्विंटल जवसासाठी कुणी दवाखान्यात जाऊ नये.

आमच्या त्या कास्तकाराने त्या वर्षी फवारलं नाही. त्याच्या वावराचा हिशोब मीही करून पाहिला; त्याचं बरोबर होतं. पण त्याने डाग नसलेल्या टोकाचं जवस वेगळं ठेवलं, आणि पुढच्या पेरणीला ते झाकणाच्या डब्यात औषध घालून खळखळ हलवलं. पेरणीही दिवाळीची वाट न पाहता उरकली. करपा आला, पण बोंडं धरल्यावर आला. त्या वावरात किती किलो वाढले याचं प्रमाणपत्र मी देणार नाही. एका वावराच्या एका वर्षावरून निकाल लावायचा नसतो, हे बँकेतही शिकवतात. एवढंच सांगतो, की खर्चाच्या बाजूला फार काही लिहावं लागलं नाही.

शहरातल्या वाचकाने विचारावं, यात माझा काय संबंध? संबंध पोळपाटाजवळचा आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ जातीचं स्निग्ध आम्ल असतं; आता हृदयरोगतज्ज्ञ त्याचं नाव घेतात आणि सुंदर डब्यांत भाजलेलं जवस मोठ्या दुकानांत दिसू लागलं आहे. त्या डब्याच्या किमतीतला किती भाग धुऱ्याकडेच्या तासापर्यंत पोचतो, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायला सुरुवात केली पाहिजे. शक्य असेल तिथे थेट कास्तकाराकडून दहा-वीस किलो वर्षाचं जवस घ्यावं. गहू-तूर भरतो तसं. दाणा चपटा आणि काळवंडलेला आहे की भरलेला आहे, हे हातात घेऊन पाहावं, आणि भरलेल्या दाण्याला दोन पैसे जास्त द्यावेत. पिकाला भाव आला की त्याची ऐपत वाढते. ऐपत वाढली की कास्तकार स्वच्छ बियाणं आणतो, एखादं पाणी देतो, वेळ पडली तर एखादी फवारणीही परवडते. जवसाच्या पानावरच्या रोगाचा थोडा इलाज असा आपल्या डाळ-तांदळाच्या यादीतही आहे. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं जवस बाजारात येईल, तेव्हा यादीत त्याचं नाव लिहून ठेवा.